‘देशे’ म्हणजे नुसतं गवत नव्हे: या चुका टाळा

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर बोलताना ‘देशे’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘गवत’ असा एका फटक्यात उरकला जातो. दालेत, शिन, आलेफ या तीन अक्षरांचं हे नाम अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये (म्हणजे जुन्या करारात) 14 वेळा येतं. ती सगळी वचनं नीट वाचायला अर्धा तास पुरतो. तेवढाही धीर नसेल, तर लोकांना शब्दार्थ सांगायला उभं राहू नये.

पहिली आणि सर्वांत चिवट चूक म्हणजे ‘देशे’ ही वनस्पतीची एखादी जात समजणं. शब्दाचा रोख वाढीच्या अवस्थेवर आहे: पाऊस झाल्यावर जमिनीतून नुकतीच वर आलेली कोवळी हिरवळ. नीतिसूत्रे 27:25 मधला क्रम पाहा. आधी ‘खात्सीर’, म्हणजे कापणीला आलेलं गवत, काढून नेलं जातं. मग ‘देशे’ दिसू लागतं, म्हणजे कापलेल्या जागी नवा फुटवा येतो. शेवटी डोंगरावरचा ‘एसेव’, म्हणजे पाला-वनस्पती, गोळा होते. 2 शमुवेल 23:4 मध्ये पावसानंतरच्या लख्ख उन्हात जमिनीतून उगवतं ते देशेच. ईयोब 38:27 मध्ये ओसाड जमीन पावसाने भिजून तिथे अंकुरतं तेही देशे. तिन्ही ठिकाणी मुद्दा ‘आत्ताच उगवलं’ हा आहे. मी कुठलाही कोश उघडण्याआधी ही तीन वचनं शेजारी-शेजारी ठेवतो आणि इतरांनाही तेच सांगतो.

दुसरी चूक उत्पत्ती 1:11 मधली, आणि हिच्यावरून अभ्यासगटांत तावातावाने भांडणं होतात. वचनात ‘देशे’, ‘बी देणारा एसेव’ आणि ‘फळ देणारं झाड’ असे तीन शब्दगट एकापाठोपाठ येतात. त्यावरून ‘देवाने वनस्पतींचे तीन वर्ग केले: गवत, झुडपं, झाडं’ असा तक्ता फळ्यावर काढला जातो. तक्ता काढणाऱ्याने पुढचं वचन वाचलेलं नसतं. 12व्या वचनात झाडाच्या आधी ‘आणि’ आहे, पण देशे आणि एसेव यांच्यामध्ये नाही. म्हणजे ‘देशे’ हे शीर्षक आणि एसेव व झाड हे त्याचे दोन प्रकार, असं वाचायला चांगली जागा आहे. 29 आणि 30 या वचनांत अन्न वाटून देताना एसेव आहे, झाड आहे, देशेचा वेगळा उल्लेखच नाही. उलट बाजूही मांडली पाहिजे: मसोरा परंपरेने, म्हणजे हिब्रू मजकुराला स्वर आणि वाचनखुणा जोडणाऱ्या जुन्या यहुदी पंडितांनी, 11व्या वचनात ‘देशे’वर झाकेफ हे विरामचिन्ह ठेवलं आहे, म्हणजे वाचताना तिथे थांबायचं, आणि त्यामुळे तीन वर्गांच्या वाचनालाही आधार मिळतो. जुन्या ग्रीक भाषांतराने मात्र देशे आणि एसेव जोडून एकच शब्दगट केला. अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी सांगतो की देशे म्हणजे एसेव नव्हे: देशे हे जमिनीने पांघरलेलं वस्त्र, तर त्यातलं एकेक सुटं रोप म्हणजे एसेव. मला राशीचं म्हणणं सर्वांत पटतं, कारण त्याने शब्दाचा समूहवाचक स्वभाव नेमका पकडला आहे.

तिसरी चूक ऋतूची. महाराष्ट्रातला वाचक हिरवळ म्हटली की जून-जुलै डोळ्यांसमोर आणतो. यहूदात, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या प्रदेशात, पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. देशे म्हणजे तिथली हिवाळ्या-वसंतातली हिरवळ, आणि उन्हाळ्यात ती पार करपते. हे धरलं नाही तर 2 राजे 19:26 कळतच नाही. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याची स्वारी आली, त्या वेळी यशया संदेष्ट्याने यहूदाचा राजा हिज्कीया याला कळवलेला हा संदेश. अश्शूरने चिरडलेल्या लोकांना तिथे ‘रानचा एसेव, देशेचा हिरवा पाला (याराक), छपरावरचं खात्सीर’ म्हटलं आहे. मातीने लिंपलेल्या सपाट छपरावर हिवाळी पावसात बी रुजतं, मुळांना खोली मिळत नाही, आणि वसंतातला गरम वारा सुटला की वाढण्याआधीच ते वाळतं. इथेही कुणीतरी वनस्पतींचे वेगवेगळे वर्ग मोजायला बसतं. हे काव्य आहे, एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगणाऱ्या समांतर ओळी आहेत. ‘याराक’ म्हणजे हिरवा पाला, वेगळं झाड नव्हे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

स्ट्रॉंगच्या कोशात, जिथे प्रत्येक हिब्रू शब्दाला क्रमांक दिलेला आहे, देशे 1877, त्याचं क्रियापद 1876. 1878 ते 1880 हे ‘दाशेन’चं कुटुंब, म्हणजे चरबी, पुष्टता, वेदीवरची राख. एक आकडा चुकला की हिरवळीचा थेट ‘मेद’ होतो.

आजच्या इस्राएलमध्ये ‘देशे’ म्हणजे बागेतलं लॉन. ते स्तोत्र 23:2 मध्ये घुसवू नका. मेंढपाळ कळप घेऊन जातो ते पावसाने उगवलेल्या कोवळ्या चाऱ्याकडे.

दानीएलाच्या पुस्तकात याच शब्दाचं अरामी (हिब्रूच्या जवळच्या भाषेतलं) भावंड ‘दित्आ’ येतं. मूळ अरामी मजकुरात ते 4:12 आणि 4:20 ला आहे, मराठी बायबलमध्ये तीच वचनं 4:15 आणि 4:23. ‘सापडत नाही’ म्हणून शोध सोडण्याआधी क्रमांक तपासा.

‘गवत’ हा मराठी शब्द धरून उलटा हिब्रू शब्द शोधू नका. खात्सीर, एसेव आणि देशे या तिघांनाही भाषांतरात तो मिळालेला असू शकतो. शोध नेहमी हिब्रू मुळाकडून सुरू करा.