सहकार खात्यातून विधानसभेला: सोलापुरात अर्ज भरण्याआधीची कामं

पतसंस्थांची दप्तरं तपासणाऱ्या सहायक निबंधकाने किंवा लेखापरीक्षकाने आमदारकीला उभं राहायचं ठरवलं, तर पहिला हिशेब नोकरी सोडण्याच्या तारखेचा. तिकिटाचं नंतर बघू.

थेट राजीनामा देऊ नका. नोव्हेंबर २००५ आधी लागलेल्यांची मागची सेवा राजीनाम्याने जप्त होते, म्हणजे पेन्शन गेली. वीस वर्षं भरली असतील तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्या. २०२४ ला अर्ज २२ ते २९ ऑक्टोबरला भरले गेले. त्या हिशेबाने जुलैची नोटीस अगदी काठावर येते, एप्रिलमध्येच द्या. विभागीय चौकशी चालू असेल तर फाइल अडकणारच. मध्य प्रदेशात २०२३ साली उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांचा राजीनामा मंजूर होईपर्यंत काँग्रेसने आमल्यात दुसरा उमेदवार देऊन टाकला होता. अर्ज छाननीला येतो तेव्हा तुम्ही शासनाचे पगारी नोकर असता कामा नये, आणि कार्यमुक्तीचा आदेश हातात हवा.

निघताना महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ८३ च्या चौकशीच्या किंवा ८८ च्या जबाबदारी निश्चितीच्या कागदांच्या झेरॉक्स घरी नेऊ नका. भाषणात वापरायचा मोह होतो, आणि विरोधकाला आयती तक्रार मिळते.

आता अर्ज. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असाल तर सूचक (तुमचं नाव सुचवून सही करणारा मतदार) एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि सगळे त्याच मतदारसंघातले. शहर उत्तर आणि शहर मध्य एकमेकांना चिकटून आहेत, त्यामुळे गल्ली ओलांडली की यादी बदलते. दहातला एक पलीकडचा निघाला की अपक्षाचा अर्ज बाद. प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः तपासा, शिवाय अर्जाचा दुसरा संच वेगळ्या सूचकांचा ठेवा. चार संच चालतात. तुमचं स्वतःचं नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीची प्रमाणित प्रत जोडा. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ हजार. चेक चालत नाही. पक्षाचे ए आणि बी फॉर्म (तुम्ही अधिकृत उमेदवार असल्याचं पक्षाचं पत्र) शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत, शाईच्या सहीने.

नमुना २६ चं, म्हणजे मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांच्या माहितीचं प्रतिज्ञापत्र भरताना एकही रकाना कोरा सोडू नका. काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. गेल्या दहा वर्षांत सरकारी क्वार्टरमध्ये राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोनचे थकबाकी नसल्याचे दाखले लागतात. हे दाखले मिळायलाच आठवडे जातात. बायकोच्या नावावरची पतसंस्थेतली ठेवही दाखवायची. लोक नेमकं तेच आधी उघडून बघतात.

खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. मर्यादा ४० लाख, आणि एकाच माणसाला १० हजारांवर रोख देता येत नाही. मंडपवाला, रिक्षावाला, चहावाला रोखच मागतात, तिथे खर्चाची वही बिघडते.

प्रचारात बुडालेल्या पतसंस्थेचे ठेवीदार अडवतील: ‘साहेब, तुम्हीच तपासणी केली होती, पैसे कधी मिळणार?’ ५ लाखांचा ठेवविमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. हे तोंडावर सांगा. वसुली निबंधक आणि अवसायक (बंद पडलेल्या संस्थेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी) करतात, आमदार नाही. तिथे तारीख दिलीत की फसलात.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, हरला तरी. नाही दिला तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.