पाइप आणि नोझलमधील पाण्याचा वेग काढताना या चुका टाळा

विसर्गाला, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या घनफळाला, पाइपाच्या आतील छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की पाण्याचा वेग मिळतो, हे सूत्र शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तरीही जालना-बीडकडच्या शेतांत विहिरीपासून मोसंबीच्या बागेपर्यंत टाकलेल्या पाइपलाइनींचे हिशेब तपासताना असे दिसते की सूत्र सहसा चुकत नाही. चुकतात ते त्यात घातलेले आकडे, आणि त्यातही व्यास.

दुकानात ‘६३ चा पाइप’ म्हणून मिळणारा पीव्हीसी पाइप बाहेरून ६३ मिलिमीटर असतो. त्याची भिंत २ मिलिमीटर जाड असेल, तर पाण्याला वाट मिळते ती ५९ मिलिमीटरची. समजा, पाइपाखाली ठेवलेले २०० लिटरचे टिपाड ४० सेकंदांत भरले, म्हणजे विसर्ग सेकंदाला ५ लिटर झाला. बाहेरचा व्यास धरल्यास वेग सेकंदाला १.६० मीटर येतो आणि आतला धरल्यास १.८३ मीटर. हा फरक किरकोळ वाटतो. परंतु विसर्ग तेवढाच असताना घर्षणामुळे होणारी दाबाची घट व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे प्रत्यक्षातील घट कागदावरच्या घटीपेक्षा सुमारे ३८ टक्के जास्त भरते आणि शेवटच्या ओळीतील झाडांना पाणी का पोचत नाही, याचे उत्तर तिथेच सापडते. म्हणून पाइपाचा कापलेला तुकडा घेऊन आतला व्यास व्हर्नियरने स्वतः मोजावा.

लिटरचे घनमीटर करण्यातली चूक लगेच लक्षात येते, कारण वेग सेकंदाला १८०० मीटर आला तर कोणीही थबकेल. त्रिज्येच्या जागी व्यास घालण्याची चूक मात्र अधिक फसवी आहे. क्षेत्रफळ चौपट होऊन वरच्याच उदाहरणात वेग ०.४६ मीटर येतो आणि तो आकडा सहज पटण्याजोगा असतो.

टिपाड कुठे भरले, यालाही महत्त्व आहे. मोटारीजवळ उघड्या तोंडाशी मोजलेला विसर्ग बागेच्या टोकाला तेवढाच मिळत नाही, आणि व्होल्टेज पडले की तोही घटतो. पडताळ्यासाठी एक सोपी रीत आहे. पाइप आडवा व पूर्ण भरून वाहत असला पाहिजे. गवंड्याच्या गुण्याची (काटकोनी पट्टीची) आडवी बाजू पाइपाच्या माथ्यावर ठेवून तो असा सरकवावा की उभी बाजू ३० सेंटिमीटर खाली धारेच्या वरच्या पृष्ठभागाला टेकेल. त्या जागी धार पाइपाच्या तोंडापासून ४५ सेंटिमीटर पुढे गेलेली असेल, तर वेग सुमारे १.८२ मीटर, कारण ३० सेंटिमीटर खाली पडायला पाण्याला पाव सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. पाइप अर्धाच भरून वाहत असेल, तर वेग धारेवरून काढता आला तरी विसर्गासाठी पूर्ण क्षेत्रफळ धरता येत नाही.

उंचीवरच्या टाकीच्या बाबतीत टॉरिचेलीचा नियम, म्हणजे पाण्याच्या उंचीवरून छिद्रातल्या धारेचा वेग सांगणारा नियम, हमखास चुकीच्या ठिकाणी वापरला जातो. पाण्याची उंची १० मीटर असेल, तर या नियमाने वेग सेकंदाला १४ मीटर येतो; पण तो टाकीच्याच भिंतीतील छिद्राला लागू आहे. त्याच टाकीतून आतून ७० मिलिमीटरचा आणि ३०० मीटर लांबीचा पाइप आखाड्यापर्यंत नेला, तर बहुतेक सगळी उंची घर्षणात खर्ची पडते आणि घर्षणांक (पाइपाचे घर्षण किती ते सांगणारा आकडा) ०.०२ धरल्यास टोकाशी वेग उरतो जेमतेम १.५ मीटर. त्या टोकावर बोट दाबले की धार लांब जाते, म्हणून पाणी वाढले असे अनेकांना वाटते. खरे तर विसर्ग कमी झाल्याने घर्षणही कमी होते, तोंडाशी दाब शिल्लक राहतो आणि तोच वेगात उतरतो. टिपाड मात्र आता उशिरा भरते.

तुषार संचाच्या नोझलला टॉरिचेलीचाच नियम चालतो, परंतु उंचीच्या जागी दाब, आणि तोही नोझलजवळचा, घ्यावा लागतो. मी स्वतः एकदा मोटारीजवळच्या गेजवरचा (दाबमापकावरचा) ३ किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो, दाब धरून वेग २४ मीटर काढला आणि चार तासांत भिजवण होईल असे सांगून मोकळा झालो. नोझलपाशी गेज लावल्यावर दाब १.२ किलोच निघाला. वेग १५ मीटरच होता आणि भिजवणीला सहा तासांहून अधिक वेळ लागला, तोही रात्रपाळीच्या विजेवर.

शिवाय धारेचा छेद नेहमी छिद्राएवढा नसतो. टाकीला पाडलेल्या धारदार कडेच्या छिद्रातून निघताना धार आकसते, त्यामुळे विसर्ग हिशेबाच्या सुमारे ६२ टक्केच मिळतो. चांगल्या घडणीच्या गुळगुळीत नोझलमध्ये तो ९५ टक्क्यांच्या आसपास असतो. बोअरच्या पाण्यात बारीक वाळू येत असेल, तर नोझल झिजलेले असण्याची शक्यता आधी तपासावी. ४ मिलिमीटरच्या ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजू नोझलमध्ये घालून पाहावी. ती सैल हलत असेल आणि भोक ४.३ मिलिमीटर झाले असेल, तर तेवढ्याच दाबाला प्रत्येक नोझल सुमारे १६ टक्के जास्त पाणी ओढते. मग पूर्ण ओळीचा दाब उतरतो आणि धार जवळच पडू लागते. अशा वेळी एकच नोझल बदलून भागत नाही, ओळीतील सगळी एकदम बदलावी लागतात.