फायरवॉलडी १.० च्या पुढे नेताना गेटवेवरील नियम कसे तपासावेत

सर्व्हर स्वतः इंटरनेटवर व्यवस्थित पोहोचतो, पण त्याच्यामागे जोडलेल्या एकाही संगणकाला बाहेर जाता येत नाही, ही फायरवॉलडी या लिनक्सवरील फायरवॉल सांभाळणाऱ्या सेवेच्या अपग्रेडनंतरची ठरलेली तक्रार आहे. एका शाळेच्या संगणक कक्षातील गेटवेवर (आतले जाळे इंटरनेटशी जोडणाऱ्या सर्व्हरवर) मला हाच अनुभव आला. सर्व्हरवरून पिंग जात होते, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) त्याला उत्तर देत होते, मास्करेड (बाहेर जाणाऱ्या डेटावर आतल्या संगणकाऐवजी सर्व्हरचा पत्ता घालणे) चालू असल्याचे दिसत होते, तरीही कक्षातील ब्राउझर रिकामेच राहत होते. केबल, स्विच आणि डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारी सेवा) तपासण्यात माझे दोन तास गेले. दोष त्यांपैकी कशातच नव्हता. जुन्या आवृत्तीतील एक ढिलाई नव्या आवृत्तीत बुजवली गेली होती आणि त्या कक्षाचे सारे जाळे नेमके त्याच ढिलाईवर चालत होते. म्हणून नव्या आवृत्तीतील सोयींबरोबरच तिच्यात दुरुस्त झालेले दोषही अपग्रेडपूर्वी समजून घ्यावेत, असा माझा आग्रह आहे.

फायरवॉलडी हे फेडोरामध्ये २०१३ पासून आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून मूळचेच बसवलेले असते. २०१८ मधील ०.६ आवृत्तीत लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) नियम बसवणाऱ्या आयपीटेबल्सच्या जोडीला त्याच कामाच्या नव्या एनएफटेबल्सचा आधार आला, २०२० मधील ०.९ मध्ये पॉलिसी ही नवी रचना आली, आणि २०२१ मधील १.० मध्ये वर्तन बदलणाऱ्या बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या. रेड हॅट ८ वरून ९ वर किंवा डेबियन ११ वरून १२ वर जाताना ०.९ ते १.० ही सीमा ओलांडली जाते. बदल इतर शेकडो पॅकेजांबरोबर होत असल्याने तो सहज नजरेतून सुटतो.

अपग्रेडपूर्वी इटीसी फोल्डरमधील फायरवॉलडी हा संपूर्ण उपफोल्डर दुसऱ्या जागी जपून ठेवावा. त्यानंतर चालू स्थितीची नोंद घ्यावी. येथील कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकाव्यात.

फायरवॉल-सीएमडी --गेट-अ‍ॅक्टिव्ह-झोन्स
फायरवॉल-सीएमडी --लिस्ट-ऑल-झोन्स
एनएफटी लिस्ट रूलसेट

या तिन्हींचे उत्तर फाइलमध्ये साठवावे. पहिल्या दोन कमांडी आपण काय मागितले आहे ते सांगतात, तर तिसरी कर्नलमध्ये प्रत्यक्ष काय बसले आहे ते दाखवते. अपग्रेडनंतर जुने आणि नवे उत्तर शेजारी ठेवून पाहिले की फरक कुठे पडला ते शोधत बसावे लागत नाही. हाताने जोडलेले पण कायम न केलेले नियम असतील, तर ते सेवा पुन्हा सुरू होताच नाहीसे होतात. ते हवे असल्यास --रनटाइम-टू-परमनंट या पर्यायाने आधी कायम करावेत आणि --चेक-कॉन्फिग या पर्यायाने साठवलेल्या फाइली शुद्ध आहेत याची खात्री करावी. सर्व्हर दुसऱ्या गावी असेल, तर त्याच्यासमोर बसू शकणारी व्यक्ती किंवा कन्सोलची सोय हाताशी असल्याशिवाय हे काम सुरू करू नये.

आता मूळ अडचणीकडे येतो. नेहमीच्या गेटवेवर दोन नेटवर्क कार्ड असतात. आतल्या जाळ्याचे कार्ड इंटर्नल झोनमध्ये (झोन म्हणजे एकसारखे नियम लागणाऱ्या जोडण्यांचा गट) आणि बाहेरचे एक्स्टर्नल झोनमध्ये असते, आणि एक्स्टर्नलमध्ये मास्करेड मुळातच चालू असते. जुन्या आवृत्तीत बाहेरच्या झोनवर मास्करेड चालू केले की त्या झोनकडे जाणारी पॅकेट (डेटाचे तुकडे) आपोआप पुढे सोडली जात. ती कोणत्या झोनमधून आली आहेत, याचा विचार होत नसे. मास्करेडचे काम पॅकेटवरील पत्ता बदलण्याचे आहे, परवानगी देण्याचे नाही. या दोन गोष्टींची झालेली सरमिसळ १.० मध्ये दूर झाली. आता एका झोनमधून दुसऱ्या झोनमध्ये जाणारी वाहतूक, आपण तसे स्पष्ट लिहिले नसेल तर, नाकारली जाते. हा बदल योग्यच आहे, असे माझे मत आहे. कोण कोठे जाऊ शकतो हे वाचणाऱ्याला नियमांतूनच कळले पाहिजे.

हे स्पष्ट लिहिण्याचे साधन म्हणजे पॉलिसी. तिच्यात वाहतूक ज्या झोनमधून येते तो इन्ग्रेस झोन, ज्यात जाते तो एग्रेस झोन आणि तिचे काय करायचे ते टार्गेट, अशा तीन गोष्टी द्याव्या लागतात.

फायरवॉल-सीएमडी --परमनंट --न्यू-पॉलिसी लॅन-वॅन
फायरवॉल-सीएमडी --परमनंट --पॉलिसी लॅन-वॅन --अ‍ॅड-इन्ग्रेस-झोन इंटर्नल
फायरवॉल-सीएमडी --परमनंट --पॉलिसी लॅन-वॅन --अ‍ॅड-एग्रेस-झोन एक्स्टर्नल
फायरवॉल-सीएमडी --परमनंट --पॉलिसी लॅन-वॅन --सेट-टार्गेट अ‍ॅक्सेप्ट
फायरवॉल-सीएमडी --रिलोड

उलट दिशेची पॉलिसी करण्याची गरज नाही, कारण आतून सुरू झालेल्या जोडणीची उत्तरे कर्नल ओळखतो आणि ती परत येऊ देतो. टार्गेट देण्याचे विसरले, तर ते कंटिन्यू असे धरले जाते. म्हणजे पॉलिसी यादीत दिसते, पण स्वतः कोणताच निर्णय घेत नाही, पॅकेट पुढच्या नियमांकडे जाते आणि तेथे नाकारले जाते. दुसरी सहज होणारी चूक झोनच्या बाबतीत असते. ज्या झोनला इंटरफेस (नेटवर्क कार्ड) किंवा पत्त्यांचा पट्टा जोडलेला नाही तो झोन सक्रिय धरला जात नाही, आणि पॉलिसी लागू होण्यासाठी दोन्ही बाजूंचा किमान एकेक झोन सक्रिय असावा लागतो. म्हणून रिलोडनंतर --गेट-अ‍ॅक्टिव्ह-पॉलिसीज हा पर्याय आवर्जून चालवावा. आपली पॉलिसी तेथे दिसली नाही, तर कार्ड चुकून पब्लिक झोनमध्येच राहिले आहे का ते आधी पाहावे. संगणक कक्षातील सर्व्हरवर पॉलिसी अचूक लिहूनही पहिल्या प्रयत्नात काही बदलले नाही, त्याचे कारण हेच होते.

पॉलिसींना प्राधान्यक्रमाचा आकडाही असतो. ऋण आकड्याच्या पॉलिसी झोनच्या नियमांपूर्वी आणि धन आकड्याच्या त्यांच्यानंतर तपासल्या जातात. आकडा दिला नाही तर तो उणे १ असतो, आणि साध्या गेटवेसाठी तो बदलण्याचे कारण नाही.

दुसरी महत्त्वाची दुरुस्ती झोन ड्रिफ्टिंगची आहे. एखादे पॅकेट पत्त्यावरून एका झोनमध्ये बसते आणि ज्या कार्डावरून ते आले ते कार्ड दुसऱ्याच झोनमध्ये असते, अशी स्थिती नेहमी येते. फायरवॉलडीच्या मूळ कल्पनेप्रमाणे प्रत्येक पॅकेट एकाच झोनचे असते, आणि पत्त्याचा झोन आधी धरला जातो. प्रत्यक्षात जुन्या आवृत्त्यांत पत्त्याच्या झोनने निर्णय दिला नाही, तर पॅकेट घरंगळत कार्डाच्या झोनमध्ये जात असे आणि तेथील उघडे पोर्ट (सेवांचे क्रमांकित दरवाजे) त्यालाही मिळत. लॉगमध्ये अलाऊ-झोन-ड्रिफ्टिंग असुरक्षित असल्याची सूचना अनेकांनी वर्षानुवर्षे पाहिली आणि सोडून दिली असेल; १.० मध्ये ती सोयच काढून टाकली आहे. समजा, व्यवस्थापकाच्या संगणकाच्या पत्त्यासाठी वेगळा झोन करून त्यात केवळ एसएसएच (दुरून सर्व्हर चालवण्याची सेवा) उघडले आहे आणि वेबसेवा पब्लिक झोनमध्ये उघडली आहे. अपग्रेडनंतर सर्वांना संकेतस्थळ दिसेल, पण नेमके व्यवस्थापकाला दिसणार नाही. अशा प्रत्येक पत्त्याच्या झोनमध्ये लागणाऱ्या सर्व सेवा नावानिशी जोडाव्यात.

तिसरा बदल मोकळीक देणारा आहे, आणि म्हणूनच अधिक जपण्याजोगा आहे. नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या झोनमध्ये एकाच झोनमधील दोन इंटरफेसमधली वाहतूक आपोआप पुढे पाठवली जाते. कार्यालयाचे जाळे आणि पाहुण्यांचे वायफाय ही दोन्ही सोयीसाठी इंटर्नलमध्ये घातली असतील, तर ती आता एकमेकांशी बोलू शकतात. इटीसीमधील आपली प्रत मूळ प्रतीऐवजी वापरली जात असल्याने प्रत्येक सर्व्हरवर परिणाम वेगळा दिसू शकतो. त्यामुळे अंदाज न बांधता प्रत्येक झोनसाठी --क्वेरी-फॉरवर्ड विचारावे आणि नको तेथे --रिमूव्ह-फॉरवर्ड द्यावे. पाहुण्यांच्या वायफायला स्वतंत्र झोन देणे हाच खरा उपाय आहे.

डायरेक्ट नियमांची (झोन आणि पॉलिसी बाजूला ठेवून थेट आयपीटेबल्सच्या भाषेत लिहिलेल्या नियमांची) वाट आता कालबाह्य ठरवली आहे. ते असल्यास --डायरेक्ट --गेट-ऑल-रूल्सने दिसतात आणि टप्प्याटप्प्याने पॉलिसीत नेता येतात. सर्व्हरमधून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवरील नियमांसाठी होस्ट (म्हणजे सर्व्हर स्वतः) हा इन्ग्रेस झोन ठेवावा. डॉकर (कंटेनर चालवण्याचे साधन) वापरणाऱ्यांनी फायरवॉलडी २.३ मधील स्ट्रिक्ट-फॉरवर्ड-पोर्ट्स या सेटिंगकडेही लक्ष द्यावे. डॉकरने प्रसिद्ध केलेले पोर्ट झोनमध्ये उघडलेले नसतानाही बाहेरून उघडे राहतात, हे अनेकांना ठाऊक नसते. हे सेटिंग मूळचे बंद असते. ते चालू केल्यास असे पोर्ट अडवले जातात आणि हवे असलेले पोर्ट --अ‍ॅड-फॉरवर्ड-पोर्टने आपण स्वतः द्यावे लागतात.

इतके करूनही काही अडत असेल, तर नाकारलेली पॅकेट पाहावीत. --सेट-लॉग-डिनाइड=युनिकास्ट दिल्यावर त्यांच्या नोंदी कर्नलच्या लॉगमध्ये येऊ लागतात आणि जर्नलसीटीएल -के या कमांडने वाचता येतात. ही कमांड फायरवॉल रिलोडही करते, त्यामुळे कायम न केलेले नियम तिने पुसले जातात. नोंद वाचताना आयएन (आत) आणि आउट (बाहेर) हे दोन रकाने पाहावेत. दोन्हींत कार्डांची नावे असतील, तर पॅकेट एका बाजूकडून दुसरीकडे जाताना अडले आहे, म्हणजे पॉलिसी तपासावी. आउट रिकामे असेल, तर ते सर्व्हरकडेच आले होते आणि त्या झोनमध्ये सेवा उघडलेली नाही. संगणक कक्षातील उरलेली अडचण अशाच एका नोंदीतून सुटली. आउट रिकामे आणि पोर्ट ५३, म्हणजे इंटर्नल झोनमध्ये डीएनएसची सेवा जोडायची राहिली होती.

एखादे पोर्ट केवळ चाचणीसाठी उघडायचे असेल, तर --टाइमआउट=५एम जोडावे, म्हणजे पाच मिनिटांनी ते आपणहून बंद होते; मात्र हा पर्याय --परमनंटबरोबर चालत नाही. चाचणी संपल्यावर लॉग-डिनाइड पुन्हा ऑफ करावे, सर्व्हर एकदा रीबूट करावा आणि मागच्या संगणकांपैकी एकावर प्रत्यक्ष बसून संकेतस्थळ उघडून पाहावे.