होम्स बघायचा असेल तर आधी वॉटसनकडे बघा

होम्सचे एपिसोड आपण पहिल्यांदा बघतो ते खुनी कोण हे कळावं म्हणून, आणि तसंच बघावं. पण हे दुसऱ्यांदा बघणाऱ्यांसाठी आहे, किंवा ज्यांना पुढच्या सुट्टीत एखादी सिरीज नीट, होम्स आणि त्याचा दोस्त वॉटसन या दोघांच्या दोस्तीसाठी बघायची आहे त्यांच्यासाठी. कुठून सुरू करायचं, काय आधी वाचायचं, कुठल्या सीनला थांबायचं, हे सगळं मला जसं सापडत गेलं तसं सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कॉनन डॉयलच्या बहुतेक सगळ्या होम्सकथा वॉटसन सांगतो, म्हणजे पुस्तकात आपल्याला होम्स दिसतो तो वॉटसनच्या डोळ्यांनीच, त्याचं कौतुक, त्याचा राग, त्याची काळजी सगळं वाक्यावाक्यात मिसळलेलं असतं. टीव्हीवर आलं की ते काम कॅमेरा करतो आणि वॉटसन बिचारा रिकामा उभा राहतो. त्यामुळे कुठलीही सिरीज लावली की पहिला प्रश्न हा विचारायचा, की याचं सांगायचं काम काढून घेतलं, मग बदल्यात याला काम काय दिलंय? ज्या सिरीजकडे याचं चांगलं उत्तर आहे तिच्यात दोस्ती दिसते, जिच्याकडे नाही तिच्यात वॉटसन नुसता "कमाल आहे होम्स!" म्हणत फिरतो. 1939 ते 1946 या काळातल्या बॅसिल रॅथबोनच्या 14 सिनेमांत नायजेल ब्रूसचा वॉटसन गोड आहे, मला आवडतो, पण तो गोंधळलेला म्हातारा काका करून टाकलाय, आणि इतक्या हुशार माणसाने अशा माणसाबरोबर का राहावं हे काही पटत नाही. पुस्तकातला वॉटसन आर्मी डॉक्टर आहे, अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत गोळी लागून परत आलेला, रिव्हॉल्व्हर चालवणारा माणूस आहे हो.

तर सुरुवात ग्रॅनडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीच्या सिरीजपासून करा, 1984 ते 1994, जेरेमी ब्रेट होम्स, एकूण 41 एपिसोड. पहिला एपिसोड 'अ स्कँडल इन बोहेमिया', आणि यात त्यांनी दोघांची पहिली भेट दाखवलीच नाही. दोघं आधीपासून एकत्र राहतायत, वॉटसन बाहेरून घरी येतो आणि होम्सकडे बघून त्याच्या मनात पहिली शंका येते ती नशेच्या इंजेक्शनची, आणि तो चिडतो. त्या चिडण्यातच कळतं की हे किती वर्षं चाललंय. या एपिसोडला एक प्रयोग करून बघा, होम्स जेव्हा जेव्हा समोरच्या माणसाला बघून फटाफट निष्कर्ष सांगायला लागतो तेव्हा त्याच्याकडे बघायचंच नाही, वॉटसन झालेल्या डेव्हिड बर्कच्या चेहऱ्याकडे बघायचं. हा माणूस ऐकतो कसा ते बघा. डोळ्यांत चमक येते, ओठाच्या कोपऱ्यात हसू येतं, कधी क्लायंटची दया येते, आणि होम्स जरा जास्तच तोडून बोलला तर एक नजर जाते त्याच्याकडे, बस. ब्रेटचा होम्स उद्धट असूनही आपल्याला आवडतो यात अर्धा वाटा बर्कच्या ऐकण्याचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवून बघा, की ब्रेटने स्वतः 1980 मध्ये लॉस एंजेलिसला रंगभूमीवर वॉटसन केला होता, चार्ल्टन हेस्टन होम्स होता तेव्हा. म्हणजे त्या खुर्चीत बसून काय वाटतं हे त्याला माहीत होतं.

बर्कने पहिले 13 एपिसोड केले आणि तो रॉयल शेक्सपियर कंपनीत गेला, मग वॉटसन म्हणून एडवर्ड हार्डविक आला. इथे बरेच जण नाराज होतात आणि सिरीज सोडतात, तसं करू नका. उलट हा बदल मुद्दाम जवळून बघा. बर्कचा शेवटचा एपिसोड 'द फायनल प्रॉब्लेम', ज्यात रायशेनबाखच्या धबधब्याजवळ होम्स गेला असं वॉटसनला वाटतं, आणि हार्डविकचा पहिला 'द एम्प्टी हाऊस', ज्यात होम्स तीन वर्षांनी परत येतो. दोन्ही एकाच रात्री लागोपाठ बघा. वेगळा नट आहे हे पाच मिनिटं टोचतं, नंतर असं वाटायला लागतं की तीन वर्षांच्या दुःखाने हा माणूस असाच झाला असणार, जास्त थकलेला, जास्त मऊ, कमी हसणारा. होम्स वेष उतरवतो आणि वॉटसन चक्कर येऊन पडतो, हे पुस्तकात आहे तसंच, आणि मग होम्सची जी धांदल उडते ती बघण्यासारखी आहे, कारण या माणसाला धांदल उडालेलं आपण फार वेळा बघत नाही.

हार्डविकच्या काळातला एकच एपिसोड बघणार असाल तर 'द डेव्हिल्स फूट', 1988 चा. इथे मात्र कथा आधी वाचाच. होम्स एका विषारी धुराचा प्रयोग स्वतःवर करतो, वॉटसनलाही बरोबर बसवतो, दोघंही भ्रमात जायला लागतात, आणि वॉटसन कसाबसा भानावर राहून त्याला ओढत बाहेर काढतो. कथेत मग होम्स माफी मागतो आणि वॉटसन लिहितो की होम्सचं मन इतकं उघडं मी आधी कधी बघितलं नव्हतं. सिरीजमध्ये हे मन उघडणं एका शब्दात केलंय, होम्स भ्रमातून बाहेर येताना "जॉन!" असं, म्हणजे वॉटसनच्या पहिल्या नावाने ओरडतो. वर्षानुवर्षं "वॉटसन, वॉटसन" म्हणणारा माणूस. हे कथेत नाही. रीवाइंड करून परत बघा, आणि लगेच पुढे काय होतं तेही बघा, परत आडनावावर येतात दोघं, त्या विषयावर चर्चा वगैरे काही नाही.

आता एक वाचायचीच कथा, 'द थ्री गॅरिडेब्स', 1924 ची. वॉटसनला गोळी चाटून जाते आणि होम्सचा चेहरा क्षणभर उघडा पडतो, आणि वॉटसन म्हणतो की त्या थंड मुखवट्यामागे किती माया आहे हे कळायला एक काय अनेक जखमा झाल्या तरी चालल्या असत्या. मला विचाराल तर सगळ्या होम्सकथांमधला हा सगळ्यात मोठा क्षण. आणि वाईट याचं वाटतं की ग्रॅनडाने ही कथा 1994 मध्ये दुसऱ्या एका कथेत मिसळून केली तेव्हा ब्रेट इतका आजारी होता की बहुतेक काम होम्सच्या भावाला, मायक्रॉफ्टला दिलं, आणि तो क्षण ब्रेट आणि हार्डविकमध्ये कधी झालाच नाही. पुढच्याच वर्षी ब्रेट गेला. तेव्हा हा सीन तुम्हाला वाचूनच, त्या दोघांचे आवाज मनात आणून बघावा लागेल, आणि त्यासाठी आधी त्यांचे दहा-बारा एपिसोड तरी झालेले असू देत.

ग्रॅनडा झालं की बीबीसीची 'शेरलॉक', आजच्या काळातली. 2010 चा पहिलाच एपिसोड घ्या आणि वॉटसनच्या काठीवर लक्ष ठेवा. जॉन अफगाणिस्तानातून परत आलाय, लंगडतोय, पण लंगडणं शरीराचं नाही मनाचं आहे, आणि शेरलॉकबरोबर टॅक्सीमागे पळताना काठी हॉटेलातच राहते आणि त्याच्या लक्षातही येत नाही. शेवटी तो समोरच्या इमारतीतून एकच गोळी झाडून शेरलॉकला वाचवतो. गोळी झाडणारा माणूस कसा असेल हे शेरलॉक पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला धडाधड सांगत असतो, तेवढ्यात त्याची नजर जॉनवर पडते आणि तो बोलणं फिरवतो. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने हुशारी दाखवायचं थांबवलं, कोणासाठी तरी. यानंतर मेला असं समजलेल्या शेरलॉकचा परत येण्याचा सीन, 2014 चा, ग्रॅनडाच्या सीनशेजारी ठेवून बघा, इथे जॉन बेशुद्ध पडत नाही, हात उचलतो, एकदा नाही परत परत. जॉन झालेल्या मार्टिन फ्रीमनचा राग मला पूर्ण पटतो. पुढच्या सीझनमध्ये मात्र मेलोड्रामा फार वाढलाय, ते घाई करून बघितलं तरी चालेल.

सोव्हिएत सिरीज मिळाली तर सोडू नका, लेनफिल्मची, 1979 ते 1986, वासिली लिवानोव होम्स आणि विताली सोलोमिन वॉटसन. यातला तरुण वॉटसन सुरुवातीला होम्सचे उद्योग बघून समजतो की हा गुन्हेगारच आहे, आणि प्रकरण दोघांच्या बॉक्सिंगपर्यंत जातं. पहिल्या भेटीचा इतका प्रेमळ भाग दुसऱ्या कुठल्या सिरीजमध्ये नाही. सबटायटल लावून बघा, डब नको, लिवानोवचा घोगरा आवाज गेला तर काहीच उरत नाही.

'एलिमेंटरी' ही आजच्या काळातली अमेरिकन होम्स सिरीज बघताना घाई करू नका, 154 एपिसोड आहेत आणि केसेस साधारणच आहेत. लुसी लिऊची जोन वॉटसन ही सर्जरी सोडलेली डॉक्टर, व्यसनातून बाहेर आलेल्या होम्सवर लक्ष ठेवायला त्याच्या वडिलांनी नेमलेली. म्हणजे माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर यांनी सगळ्यात सरळ दिलंय, वॉटसनला नोकरीच दिली, आणि मग नोकरी संपल्यावरही ती का थांबते हे सात सीझन दाखवलं. बाई आणि पुरुष एका घरात आणि तरी प्रेमप्रकरण नाही, शेवटपर्यंत नाही, याचं मला फार कौतुक आहे. निदान पहिला सीझन पूर्ण बघा, त्याच्या शेवटी होम्स मधमाशीच्या नव्या जातीला वॉटसनचं नाव देतो.

दोघांमध्ये तिसरं माणूस आलं की काय होतं, हेही बघायचं. ग्रॅनडाने 'द साइन ऑफ फोर'मध्ये वॉटसनचं पुस्तकात ठरणारं लग्नच होऊ दिलं नाही, दोस्ती वाचवायला, आणि तो मला जरा पळपुटेपणा वाटतो. याचं सुंदर उत्तर आपल्याकडे आहे, बासू चॅटर्जींची दूरदर्शनवरची 'ब्योमकेश बक्शी', 1993. रजित कपूर डिटेक्टिव्ह ब्योमकेश, के. के. रैना त्याचा दोस्त अजित, आणि ब्योमकेशची बायको सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी. अजित लेखक आहे, तोच ब्योमकेशच्या गोष्टी लिहितो, पण लग्नानंतरही तो त्याच घरात आहे, तिघांचा चहा आणि गप्पा चालू आहेत, आणि कोणीच कोणाची जागा घेत नाही. पहिल्या गोष्टीत ब्योमकेश खोट्या नावाने अजितच्या खोलीत राहायला येतो, तिथून बघायला लागा म्हणजे पुढचा विश्वास कसा वाढला ते कळेल.

आणि पोयरो-हेस्टिंग्ज, अगाथा ख्रिस्तीचा डिटेक्टिव्ह आणि त्याचा दोस्त. डेव्हिड सुशे आणि ह्यू फ्रेझर, 1989 पासून. अगाथा ख्रिस्तीच्या ज्या कथांत हेस्टिंग्ज नाही त्यातल्याही काही कथांमध्ये सुरुवातीच्या सीझनमध्ये त्याला घातलाय, आणि ते बरंच झालं, कारण मधे कितीतरी वर्षं तो सिरीजमध्ये दिसत नाही आणि थेट 2013 मध्ये शेवटच्या सीझनला परत येतो. शेवटचा एपिसोड 'कर्टन' आहे, पोयरो व्हीलचेअरवर, हेस्टिंग्जची बायको गेलेली, दोघंही म्हातारे. तो आधी बघू नका, उत्सुकता म्हणूनही नको. पहिल्या दोन-तीन सीझनमधले सात-आठ एपिसोड आधी बघून घ्या, ज्यात हेस्टिंग्ज गाड्यांच्या मागे वेडा आहे आणि पोयरो त्याला "मोन आमी" (फ्रेंचमध्ये 'माझ्या मित्रा') म्हणत चुका काढतोय, आणि मग 'कर्टन' एकट्याने, सलग, मोबाईल बाजूला ठेवून.