‘असणार’, ‘असावा’ आणि इंग्रजीतला अंदाज

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे बिघाडांचे अहवाल लिहायचं काम आलं. यंत्र बंद पडलं की जाऊन बघायचं, नोंदी काढायच्या आणि कारण काय असावं ते इंग्रजीत दीड-दोन पानांत लिहून द्यायचं. माझी शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी व्याकरण ठीक होतं, शब्दही बऱ्यापैकी होते. पहिला अहवाल एका पंपाचा. बेअरिंग जळालं होतं आणि ग्रीसिंगची शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची होती. मी लिहिलं: ‘देअर इज नो रेकॉर्ड ऑफ ग्रीसिंग फॉर फोर मंथ्स. देअरफोर, द बेअरिंग फेल्ड ड्यू टू लॅक ऑफ ग्रीस.’

आमच्या मॅडमनी ‘देअरफोर’भोवती पेन्सिलने गोल केला. म्हणाल्या, "नोंद नाही हे तुला माहीत आहे. ग्रीस घातलं नव्हतं, हे माहीत आहे का?"

नव्हतं माहीत. कुणी घातलं असेल आणि वहीत लिहायचं राहिलं असेल.

"बरं, आता हेच मला मराठीत सांग."

"मॅडम, ग्रीस घातलं नसावं, त्यामुळे बेअरिंग गेलं असावं."

"मग हे ‘असावं’ इंग्रजीत कुठे गेलं?"

अहवाल, प्रबंध किंवा परीक्षेतला निबंध इंग्रजीत लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारतो. कारण अंदाज किती पक्का आहे हे आपण मराठीत क्रियापदाच्या शेपटाशी सांगून मोकळे होतो. सकाळी रस्ता ओला दिसला तर ‘पाऊस पडून गेला असणार’ म्हणतो. तेवढी खात्री नसेल तर ‘गेला असावा’, आणि नुसती शक्यता असेल तर ‘गेला असू शकेल’. दुसऱ्याकडून कळलं असेल तर ‘पडला म्हणे’. यातला प्रत्येक शब्द वेगळं वजन घेऊन येतो आणि आपण तो विचार न करता अचूक निवडतो. इंग्रजीत उतरवताना मात्र पाऊस येतो, रस्ता येतो, आणि शेपूट गळून पडतं. उरतं ते ‘सो’ किंवा ‘देअरफोर’, आणि वाचणाऱ्याला वाटतं, याने सिद्धच केलंय.

म्हणून आधी मराठी वाक्य मनात पूर्ण होऊ द्या, त्याचा शेवट ऐका, मग इंग्रजी जोडशब्द निवडा. ‘असणार’ आलं तर ‘मस्ट हॅव’: ‘इट मस्ट हॅव रेन्ड.’ ‘असावा’ला ‘प्रॉबेबली’ किंवा ‘इट इज लाइकली दॅट’. ‘असावा’ म्हणताना ‘जवळजवळ नक्कीच’ असं मनात असेल तर ‘इन ऑल लाइकलिहुड’ चालतं, पण ते भारी आहे, एका लेखात एकदाच शोभतं. ‘असू शकेल’ला ‘मे हॅव’ किंवा ‘माइट हॅव’. ‘द चान्सेस आर दॅट’ हे बोलण्यातलं आहे. मित्राला मेलमध्ये लिहा, अहवालात नको. आणि ‘देअरफोर’, ‘हेन्स’, ‘इट फॉलोज दॅट’ हे तिथेच, जिथे आधीची वाक्यं मान्य केली की पुढचं टाळताच येत नाही. टाकीत शंभर लिटर मावतं, ऐंशी भरलेलं आहे, तेव्हा वीसच मावेल. इथे ‘देअरफोर’ बिनधास्त लिहा.

पुराव्याला कर्ता करायची सोय इंग्रजीत फार चांगली आहे, आणि नव्या माणसाने सगळ्यात आधी तीच शिकावी असं मला वाटतं. ‘द रेकॉर्ड्स सजेस्ट दॅट’, ‘इंडिकेट दॅट’, ‘शो दॅट’, ‘प्रूव्ह दॅट’. या चार क्रियापदांत वजन चढत जातं. ‘सजेस्ट’ म्हणजे इथे सुचवणं नव्हे. नोंदी त्या दिशेला बोट दाखवतात, एवढंच. ‘प्रूव्ह’ मी वर्षानुवर्षांत क्वचितच वापरलंय.

हा शब्दांचा कीस वाटत असेल तर एक उदाहरण सांगतो. 1951 साली अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी एका अंदाजपत्रात लिहिलं की युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होणं ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ समजावी. त्या कामाचे एक प्रमुख शर्मन केंट यांना नंतर कुणीतरी विचारलं, याचा नेमका अर्थ काय? त्यांच्या मनात शंभरात पासष्टच्या आसपास होतं. मग त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं, तर कुणाच्या मनात वीस, कुणाच्या ऐंशी. सगळ्यांनी मिळून मान्य केलेला एकच शब्दप्रयोग, आणि अर्थात एवढी तफावत! केंट यांनी 1964 मध्ये यावर निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो.

याच्या उलट टोकाला आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास मांडणारी आंतरसरकारी समिती. तिच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान 90, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हणजे किमान 95, असं ठरवून दिलेलं आहे. अलीकडची बरीचशी तापमानवाढ माणसामुळे झाली, या निष्कर्षाला 2001 च्या अहवालात ‘लाइकली’ होतं, 2007 मध्ये ‘व्हेरी लाइकली’ झालं, 2013 मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’. 2021 च्या अहवालात, माणसाच्या प्रभावामुळे पृथ्वी तापली आहे हे ‘अनइक्विव्होकल’, म्हणजे निर्विवाद, असं लिहिलं गेलं. वीस वर्षांत पुरावा साठत गेला आणि शब्द त्याच्यामागून एकेक पायरी चढले. मी हा क्रम पहिल्यांदा वाचला तेव्हा मॅडमचा पेन्सिलचा गोल डोळ्यांसमोर आला.

आता आपल्याकडून हमखास होणाऱ्या काही चुका. ‘मस्ट हॅव’चा नकार ‘मस्टन्ट हॅव’ असा करू नका. ‘गेला नसणार’ला बहुतेक ठिकाणी ‘कान्ट हॅव गॉन’ लिहितात. ‘अपरंटली’ म्हणजे ‘उघडच आहे’ असं मी कित्येक दिवस समजत होतो. ते आपल्या ‘म्हणे’च्या किंवा ‘असं दिसतंय’च्या जवळचं आहे, त्यात लिहिणारा स्वतः खात्री देत नाही. ‘प्रिज्युमेबली’ तेव्हा, जेव्हा हाताशी थेट पुरावा नाही पण तसं धरून चालणं रास्त आहे. ‘बहुधा’ आपण वाक्याच्या सुरुवातीला टाकतो म्हणून ‘प्रॉबेबली’ही तिथेच जातं, इंग्रजीत ते बहुतेकदा आत बसतं, ‘इट विल प्रॉबेबली फेल’, आणि नकारात आधी येतं, ‘इट प्रॉबेबली वोन्ट फेल’. दोन वाक्यं ‘सो’ने जोडताना मध्ये स्वल्पविराम पुरतो. ‘देअरफोर’ला पुरत नाही, त्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा.

पेन्सिलीच्या त्या गोलानंतर मी उलट बाजूला घसरलो होतो, तेही सांगायला हवं. पुढचे दोन-तीन अहवाल ‘इट मे पॉसिबली सीम दॅट’ अशा वाक्यांनी भरले. एका अंदाजाला तीन तीन टेकू. मॅडमनी ते परत पाठवले, कारण दुरुस्ती करणाऱ्याला काय करायचं तेच कळत नव्हतं. एका निष्कर्षाला एक शब्द पुरतो. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी तर हे विशेष जपावं. तिथे लेखनाच्या गुणांचा चौथा हिस्सा सुसंगती आणि जोडणीला असतो, म्हणून मुलं जोडशब्दांची यादी पाठ करतात आणि अडीचशे शब्दांच्या निबंधात प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर एकेक बसवतात. जोडशब्दांचा असा यांत्रिक भडिमार तिथे दोषच धरला जातो.

पंपाचा तो परिच्छेद शेवटी असा झाला: ‘देअर इज नो रेकॉर्ड ऑफ ग्रीसिंग फॉर फोर मंथ्स. धिस सजेस्ट्स दॅट द बेअरिंग वॉज रनिंग ड्राय, विच इज द मोस्ट लाइकली कॉज ऑफ द फेल्युअर. द बेअरिंग शुड बी ओपन्ड टू कन्फर्म धिस.’ शेवटचं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘सजेस्ट्स’ लिहिल्यावर, मग खात्री कशी करायची, हा प्रश्न आपोआप पुढे आला.

आठवड्याने वर्कशॉपने बेअरिंग उघडलं. आत ग्रीसचा मागमूस नव्हता, गोळ्यांच्या खाचांत काळी कोरडी भुकटी होती. मी तिचा फोटो पुरवणी अहवालाला जोडला आणि त्याखालच्या वाक्यात ‘शोज’ लिहिलं.