जंक्शनवर गाडी बदलायची कशी

धुळं जिल्ह्याचं ठिकाण, नंदुरबारही जिल्ह्याचंच. पण दोन्ही स्टेशनांच्या पिवळ्या पाटीवर ‘जंक्शन’ नाही. तालुक्याच्या चाळीसगावला मात्र आहे. धुळेकरांनी वाईट वाटून घेऊ नये. गाव मोठं असून भागत नाही, किमान तीन दिशांना रूळ फुटावे लागतात. धुळ्याला रूळ संपतात. नंदुरबारातून सुरत-जळगाव हा एकच मार्ग जातो. चाळीसगावला मुंबई-भुसावळ लाइनीला धुळ्याचा फाटा मिळतो, झालं जंक्शन.

शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ जोडणं. आपला ‘योग’ आणि बैलाच्या मानेवरचं ‘जू’ त्याच कुळातले. ‘जंक्शन माणूस’ हा अर्थ मात्र आपण मराठी लोकांनी चिकटवला!

तर गाडी बदलण्याआधी फाटा कुठे फुटतो ते बघा. धुळ्याहून भुसावळकडे जायचं तर चाळीसगावला उतरा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून मुंबईला निघालात तर जळगावला. तिथे गाडी मिळत असताना भुसावळपर्यंत जाऊन उलटं यायचं काही कारण नाही.

खरी फसगत भुसावळला. मुंबईकडून आलेल्या गाड्या इथून दोन वाटांनी जातात: वरणगाव, बोदवड, मलकापूर करत नागपूरला, नाहीतर सावदा, रावेर, बऱ्हाणपूर करत खंडव्याला. डब्यात चढताना ‘नागपूर ना?’ असं विचारू नका, गर्दीत कोणीही मान डोलावतं. ‘ही गाडी कथा जास?’ (अहिराणीत ‘कुठे जाते?’) असं विचारा, म्हणजे समोरच्याला गावाचं नाव घ्यावंच लागतं. आणि नागपूरला निघालेले असताना सुटल्यावर थोड्याच वेळात तापीचा मोठा पूल लागला, तर सामान आवरायला घ्या. नागपूरची गाडी तिथे तापी ओलांडत नाही.

दोन्ही गाड्यांचं आरक्षण असेल तर दोन्ही पीएनआर (तिकिटांवरचे आरक्षण क्रमांक) ऑनलाइन जोडून घ्या. ही सोय 2019 पासून आहे. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं तीच हवीत, आणि पहिली गाडी जिथे सोडणार तिथूनच दुसरी धरायची असावी. पहिली लेट होऊन दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द-शुल्क न कापता मिळतात. ई-तिकीट असेल तर पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून 3 तासांच्या आत टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन अर्ज) भरा. आधी चहा घेऊ, मग बघू, असं करू नका. भुसावळच्या फलाटावर 3 तास कसे जातात ते कळत नाही.