बांध बघून पाया खोदू नका: जमीन मोजणीतल्या या चुका टाळा

कराड, कोरेगाव, तासगाव, मिरज, कुठल्याही साइटवर जा, चुका त्याच. माणसं जमिनीला लाखांनी पैसे मोजतात, घराचा थ्रीडी आधी करून घेतात आणि मोजणीचा विषय निघाला की म्हणतात, "ते नंतर बघू." नंतर बघायची वेळ येते तेव्हा कॉलम उभे राहिलेले असतात.

सगळ्यात महागात पडते ती बांधालाच हद्द धरण्याची चूक. आपल्याकडे बांध जागेवर राहत नाही. दर नांगरटीला एखादं तास, म्हणजे नांगराची एक चर, इकडचं तिकडे जातं आणि वीस-तीस वर्षांत बांध कित्येक फूट सरकतो. दोन्हीकडची माणसं मात्र छातीठोकपणे सांगतात, आजोबांपासून बांध इथंच आहे. ती खोटं बोलत नसतात, त्यांनी बघितलेला बांध तोच असतो.

कोरेगाव तालुक्यात एकाने गोडाऊनसाठी रस्त्याकडेची जमीन घेतली आणि मला, खासगी सर्व्हेअरला, लाइनआउटला म्हणजे पायाची आखणी करायला बोलावलं. मी 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, मागितली, तर त्याने सातबारा आणि मोबाइलवरचा नकाशा पुढे केला. "बांध दिसतोय की समोर. पाच फूट सोडा आणि आखून द्या." हद्द कायम झाल्याशिवाय मी आखणीची फक्की टाकत नाही, असं सांगून परत आलो. दुसऱ्या कुणीतरी टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजायचं यंत्र, लावून बांधाचे कोपरे घेतले आणि छान रंगीत नकाशा काढून दिला. गोडाऊन उभं राहिलं, वर पत्राही चढला. मग शेजाऱ्याने हद्द कायम मोजणीचा, म्हणजे सरकारी मोजणीने हद्द दाखवून घेण्याचा, अर्ज टाकला.

मोजणीच्या दिवशी मालकाने मलाही बोलावून घेतलं. घाणेरीच्या जाळीत, टिकावाने दीड हात उकरल्यावर, गटाच्या कोपऱ्याचा जुना दगड लागला. त्याच्यावरून रेघ धरली, तर ती गोडाऊनच्या मागच्या भिंतीच्या दोन फूट आतून गेली. म्हणजे बांध सात फूट सरकलेला. शेजारी तडजोडीला तयार झाला नाही. मागची भिंत आणि कॉलमची एक अख्खी ओळ पाडावी लागली.

यात टोटल स्टेशन चुकलं नव्हतं. त्याने सरकलेला बांध मिलिमीटरपर्यंत बरोबर मोजला होता. हद्द कुठे आहे हे यंत्राला ठाऊक नसतं, ते जुन्या मोजणीचे कागद सांगतात: गट नकाशा, फाळणी, टिपण, गुणाकार बुक. ते तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाकडे असतात. आमच्यासारख्या खासगी सर्व्हेअरचा नकाशा डिझाइनला, काँटूरला (जमिनीचे चढउतार दाखवायला), रस्ते-ड्रेनेज आखायला हवाच, पण हद्दीचं भांडण लागलं की विचारतात ती सरकारी मोजणीची 'क' प्रत. त्यातल्या अखंड आणि तुटक रेघा नीट बघा. तुटक रेघ वहिवाटीची, म्हणजे प्रत्यक्ष कब्जाची असते, आणि लोक हमखास तिच्यावरच तार कंपाउंड घालून बसतात.

माझी सवय सांगतो. मोजणीच्या दिवशी मालकाने स्वतः हजर राहायचं. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, तरी आदल्या दिवशी आपण घरी जाऊन सांगून यायचं. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, सिमेंटचे खांब रोवायचे. नुसत्या लाकडी खुंट्या कुळवाच्या पहिल्या पाळीला जातात. प्रत्येक खांबाचं अंतर विहिरीच्या कडेपासून किंवा घराच्या कोपऱ्यापासून टेपने मोजून लिहून ठेवायचं. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा, मार्ग आहे. रागाने दगड उपटू नका.

आर म्हणजे गुंठा नव्हे. एक आर 100 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 1076 चौरस फूट, तर गुंठा 1089 चौरस फूट. 20 गुंठे आणि 20 आर यांत सुमारे 252 चौरस फुटांचा फरक पडतो. एक चांगली मोठी खोली गेली.

मोबाइलवरच्या सॅटेलाइट फोटोवर गट नकाशा चढवून हद्द ठरवू नका. एकास पाच हजार प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर.

पाटण-जावळीच्या डोंगरउतारावर टेप जमिनीला टेकवून मोजू नका. क्षेत्र आडव्या अंतरावर निघतं. 20 अंशांच्या उतारावर टेप 100 फूट दाखवेल, आडवं अंतर 94 फूटच भरेल.

आता लेव्हल. सांगली आणि कृष्णाकाठच्या गावांत जोत्याची उंची विचारली की उत्तर ठरलेलं, "रस्त्यापासून तीन फूट वर घ्या." रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, तीन फुटांचे दोन कधी होतात कळतही नाही. आणि पुराचं पाणी काही रस्ता मोजून येत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी 45 फूट आहे, 2019 च्या महापुरात पाणी तिथे 57 फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठी बांधायचं असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे लहान आणि मोठ्या पुराचं पाणी कुठवर येतं त्या रेषा, जलसंपदा विभागाकडून आधी समजून घ्या, त्यांची पातळी पक्क्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) साइटवर आणा आणि मग जोत्याचं बोला.

साइटवरचा टीबीएम, म्हणजे उंची मोजायचा तात्पुरता बेंचमार्क, कशावर काढताय तेही बघा. मिरजेजवळ एका बंगल्यावर नवशिक्या इंजिनिअरने तो खडीच्या ढिगाशेजारच्या सुट्या दगडावर लाल रंगाने काढला होता. डंपरने दगड लोटला. मजुरांनी उचलून अंदाजाने परत ठेवला आणि लेव्हल तशीच पुढे चालू. जोत्याच्या दोन टोकांत चार इंचांचा फरक निघाला. मी खोदाईच्या बाहेर दोन टीबीएम ठेवतो, मोरीच्या कठड्यावर, जुन्या विहिरीच्या घडीव दगडावर. लेव्हल जिथून सुरू केली तिथेच आणून बंद करतो, म्हणजे चूक लगेच दिसते. दहा मिनिटं जास्त जातात. ज्यांना ती जास्त वाटतात त्यांनी हा धंदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टोटल स्टेशनवाल्या पोरांनी प्रिझम (यंत्राचा किरण परतवणारी काच) बदलला की यंत्रातला प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे त्या प्रिझमसाठीची अंतराची दुरुस्ती, बदलावा. नाहीतर प्रत्येक अंतरात 30 मिलिमीटरपर्यंत चूक येते आणि दिवसभर कळत नाही.

लाइनआउटच्या बुर्ज्या, म्हणजे आखणीची दोरी धरायचे छोटे खांब, जेसीबीच्या वळणापासून लांब बांधा. काटकोनासाठी नुसतं गुण्या लावून समाधान मानू नका, दोन्ही कर्ण मोजा.

आणि मोजणीचा अर्ज टाकण्याआधी ऊस बघा. डोक्याएवढ्या उसात ना रेघ दिसते ना दगड, आणि तारीख वाया जाते. आपला तुटून गेला म्हणजे झालं असं समजू नका, शेजाऱ्याला तोड कधी आहे ते विचारा आणि तारीख त्यानंतरची पडेल असा अर्ज करा.